बारावीनंतरचे कॉलेज : फी, पटसंख्या आणि अंतर



आडसाली लागण आणि कॉलेजचे प्रवेश एकाच वेळी येतात. जुलै-ऑगस्टात बेणे, खत, मजुरीला पैसा लागतो आणि तेव्हाच कॉलेजात फी भरायची असते. उसाचे बिल मात्र गाळप सुरू झाल्यावर. त्यामुळे नोंद द्यायला गट ऑफिसात आलेले सभासद आम्हाला को ८६०३२ सोडून कॉलेजचेच विचारतात. आम्ही शेतीचे पदविकाधारक, या विषयातले पंडित नव्हे. पण एका प्रकरणात जातीने लक्ष घालावे लागले, ते सांगतो.

आमच्या गटातले एक सभासद, त्यांना तात्या म्हणू. मुलगी बारावी सायन्स पास झाली. तिचे मामा न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात नोकरीस, बिऱ्हाड उरणला. ते म्हणत, "पोरीला माझ्याकडे पाठवा." दुसरीकडे पुण्याच्या एका खाजगी कॉलेजचे गुळगुळीत माहितीपत्रक घरात येऊन पडले होते, आणि त्यासाठी तात्यांनी वीस गुंठे काढायचे मनात घेतले होते. आम्ही म्हटले, "तात्या, थांबा. आधी हिशोब तरी मांडू." मग तात्या, मुलगी आणि आम्ही घाट उतरून दोन दिवस त्या भागात जाऊन आलो.

न्हावा शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. रान विकायचा विषय निघताच मामा म्हणाले, "दाजी, इथल्या माणसांना विचारा रान जाणं म्हणजे काय." जानेवारी १९८४ मध्ये याच उरण तालुक्यात जासई-दास्तानला जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि त्यांतले पाच जण गोळीबारात गेले. तात्या त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता कॉलेजांचे. बंदराजवळ फुंडे येथे रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय आहे. पनवेलला रयतचेच महात्मा फुले महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाची. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काढलेली ही संस्था आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे, तिची 'कमवा आणि शिका' योजनाही.

फी विचारताना एक गोष्ट पक्की विचारावी : तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत साध्या बी.एस्सी.ची फी वेगळी आणि आयटीसारख्या विनाअनुदानित वर्गाची फी कितीतरी जास्त असते. शिवाय फी हा खर्चाचा एक भाग झाला. मेस समजा महिना ३,५०० रुपये धरली, तर दहा महिन्यांचे ३५,००० आणि तीन वर्षांचे १,०५,००० होतात. माहितीपत्रकात हा आकडा कुठेच नव्हता. आम्ही स्वतः पदवीऐवजी पदविका घेतली ती मेसपायीच. असो.

मुलींसाठी सरकारने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढला आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र तो व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणि सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की सवलत गेली. पुण्याची जागा नेमकी त्या कोट्यातली निघाली!

अंतराचे गणित नकाशावर करू नये. उरण-पनवेल जवळ दिसते, पण उरणची लोकल (१२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत धावते) नेरूळ-बेलापूरकडे जाते. पनवेलसाठी बेलापूरला गाडी बदलावी लागते आणि या मार्गावर गाड्याही मोजक्याच. रस्त्याने जावे तर कंटेनरच्या रांगा. त्यातून स्कूटीवर पोर पाठवायला आमचे तरी मन होणार नाही. फुंडे मामांच्या घरापासून जवळ पडते.

पटाचे म्हणाल तर, मोठ्या कॉलेजात विषय जास्त मिळतात, लहान ठिकाणी मास्तर नावाने ओळखतात. दोन्हीचे मोल आहे. मुलीनेच प्रयोगशाळेत विचारले, "प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती जणं?" हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

बोटीवर जायची हौस असलेल्या मुलांसाठी दोन शब्द. करावे येथील टी. एस. चाणक्य हे २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाकडे आहे आणि तिथे जायला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. "परीक्षा नको, बोटीवर चढवतो" म्हणणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नये. कोर्सला केंद्र सरकारच्या नौवहन खात्याची मान्यता आहे का, ते आधी पाहावे.

मुलीने फुंडे पसंत केले. तात्यांच्या त्या वीस गुंठ्यांत गेल्या आठवड्यात आडसाली लागण झाली. नोंद आम्हीच घेतली.

ज्यांची प्रकरणे बाकी आहेत त्यांनी उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बारावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला असल्यास तो घेऊन गट ऑफिसात यावे. अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो, त्याचीही चौकशी करू. येताना मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे.