बाळाचं थायरॉईड आणि बाळाचे कान: कोणत्या तपासणीला किती खर्च

प्रसूतिगृहातून घरी निघताना बाळाच्या फाइलमध्ये दोन तपासण्यांची नावं आहेत का ते बघा: टीएसएच आणि ओएई. पहिली थायरॉईडची, दुसरी कानांची. खासगी रुग्णालयात दोन्ही मिळून साधारण सहाशे ते दीड हजार रुपयांत होतात. आपल्याकडे या तपासण्या सगळीकडे सक्तीच्या नाहीत. एका रुग्णालयात त्या न सांगता होतात, शेजारच्या रुग्णालयात मागितल्याशिवाय होत नाहीत. म्हणून डिस्चार्जचा कागद हातात घेण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचाराच. (इथले सगळे दर मोठ्या शहरांतले आणि ढोबळ आहेत, गावागणिक थोडा फरक पडेल.)

भारतात साधारण हजार ते दीड हजार जन्मांमागे एका बाळाची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नाही, किंवा मुळात तयारच झालेली नसते. मेंदूतल्या पेशी आपापल्या जागी पोचतात, एकमेकींशी जोडल्या जातात, त्यांच्या तंतूंवर आवरण चढतं. या प्रत्येक टप्प्याला थायरॉईडचं संप्रेरक लागतं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली कॉक्लिया नावाची नळी असते. आवाज टिपणाऱ्या तिच्यातल्या पेशींची घडण पुरी व्हायलाही हेच संप्रेरक लागतं. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसं संप्रेरक करू लागते ती पाचव्या महिन्याच्या सुमारास. तोवर सगळी भिस्त आईच्या रक्तावर.

त्यामुळे पहिला खर्च गरोदरपणातलाच. पहिल्या भेटीत आईचं टीएसएच करून घ्या, 200 ते 400 रुपये लागतात. आधीपासून थायरॉईडची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करा, सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबू नका. गरोदरपणात गोळीची गरज साधारण पाव ते एक तृतीयांशाने वाढते. आणि स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा. उपवासाचं सैंधव रोजच्या जेवणात वापरणाऱ्या घरांत आईला आयोडीन कमी पडू शकतं.

ग्रंथी काम करत नसलेलं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण आईचं थोडं संप्रेरक नाळेतून त्याला मिळालेलं असतं. मग हळूहळू कावीळ लांबते, बाळ पिताना दमतं, झोपून राहतं, पोट साफ होत नाही, रडण्याचा आवाज घोगरा येतो. घरात मात्र ‘किती गुणी बाळ, रडतसुद्धा नाही’ असं कौतुक चाललेलं असतं. लक्षणं ओळखू येईपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात आणि मेंदूचं तेवढ्या काळात झालेलं नुकसान नंतरच्या औषधाने पूर्ण भरून येत नाही. उलट पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर यातली बहुतेक मुलं इतरांसारखीच शाळेत शिकतात. म्हणूनच कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात नवजात बाळाच्या थायरॉईडची तपासणी सरसकट सगळ्या बाळांसाठी 1974 सालीच सुरू झाली.

रक्त बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतात, जन्मानंतर 48 ते 72 तासांत. जन्मल्याबरोबर टीएसएच एकदम उसळतं आणि दिवस-दोन दिवसांत उतरतं, म्हणून पहिल्या काही तासांतला नमुना विनाकारण धास्ती लावतो. लवकर घरी सोडणार असतील तर नाळेच्या रक्तातून तपासणी करता येते. ते प्रसूतीआधीच सांगून ठेवा. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं किंवा जुळं बाळ असेल तर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते.

एकट्या टीएसएचला 300 ते 500 रुपये पडतात. पाच-सात आजारांचा संच 1,500 ते 2,500 रुपयांना आणि पन्नासच्या पुढच्या आजारांचा 3,000 ते 6,000 रुपयांना मिळतो. नात्यात लग्न झालं असेल किंवा आधीचं बाळ दगावलं असेल तर मोठ्या संचाबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. बाकीच्यांनी ऐपतीप्रमाणे ठरवावं. पण मोठा संच परवडत नाही म्हणून सगळंच नको म्हणायचं आणि त्यात टीएसएचही राहून जायचं, असं होऊ देऊ नका. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आईच्या आणि तान्ह्या बाळाच्या तपासण्या, औषधं मोफत आहेत. तिथेही ही तपासणी नाव घेऊन मागा.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास घडते. बाळंतपण माहेरी, रिपोर्टवर फोन नंबर सासरचा किंवा कामावर असलेल्या वडिलांचा, आणि प्रयोगशाळेचा फोन कुणी उचलतच नाही. बाळ जिथे राहणार आहे तिथला नंबर द्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आपणहून रिपोर्ट मागवा.

रिपोर्टमधला आकडा रक्तद्रवाच्या मापात आहे की टिपकागदावरच्या पूर्ण रक्ताच्या, हेही विचारा; दुसऱ्या मापाला 2.2 ने गुणावं लागतं. रक्तद्रवाच्या मापात टीएसएच 20 च्या वर गेलं तर शिरेतलं रक्त घेऊन पक्की तपासणी करतात. 40 च्या वर असेल तर रक्त घेऊन, निकालाची वाट न पाहता गोळी सुरू करतात. पक्क्या तपासणीत टीएसएच आणि फ्री टी4 पुरतं, टी3 चे पैसे वाचवा. ग्रंथीचा स्कॅन 1,500 ते 4,000 रुपयांचा आहे. त्याने कारण कळतं, पण स्कॅनची वेळ मिळेना म्हणून गोळी एक दिवसही लांबवू नका.

गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, बाळाच्या दर किलो वजनामागे रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम. 25 ची गोळी साधारण दोन रुपयांना पडते आणि तान्ह्या बाळाला दीड ते दोन गोळ्या लागतात, म्हणजे वर्षाचे हजार-पंधराशे रुपये. पहिल्या वर्षात सात-आठ वेळा रक्त तपासावं लागतं, त्याचे आणखी चार-पाच हजार. गोळी चमच्यात कुस्करून आईच्या चमचाभर दुधात किंवा पाण्यात द्या. बाटलीभर दुधात किंवा बाळगुटीत मिसळू नका, नेमकी किती पोटात गेली ते कळत नाही. लोह-कॅल्शियमचे थेंब काही तासांच्या अंतराने द्या. तीन वर्षांनंतर काही मुलांची गोळी थांबवून ग्रंथी पुन्हा तपासून पाहतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

थायरॉईडचा रिपोर्ट चांगला आला म्हणजे कान तपासले गेले असं नाही. ओएई 300 ते 1,000 रुपयांत होते, बाळ झोपलेलं असताना, काही मिनिटांत. त्यात बाळ पास झालं नाही तर घाबरू नका, कानात साचलेल्या स्रावामुळेही असं होतं. पण फेरतपासणी टाळू नका. नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेरा नावाची कानांची तपासणी करावी, 1,500 ते 3,500 रुपये. तपासणी पहिल्या महिन्यात, पक्कं निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्याच्या आत, हे वेळापत्रक पाळा. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या मुलाचे कान पुढेही तपासत राहा, विशेषतः बोलणं उशिरा येत असेल तर. ऐकू कमी येणं आणि मोठेपणी गळ्याची गाठ असा पेंड्रेड नावाचा आनुवंशिक विकारही असतो. घराण्यात असं कुणी असेल तर डॉक्टरांना सांगा.

श्रवणयंत्र एका कानाला 15,000 रुपयांपासून पुढे, कॉक्लियर इम्प्लांट सहा लाखांच्या पुढे. इथे एकट्याने कर्ज काढत बसू नका. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशा मुलांना पुढे पाठवतं. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून गरजू लहान मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते आणि त्याचं काम मुंबईत वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. जाताना ओएई आणि बेराचे मूळ रिपोर्ट, जन्मदाखला आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. हा दाखला हातात यायला वेळ लागतो, म्हणून बेराची तारीख मिळाली त्याच दिवशी त्यासाठी अर्ज करा.