पाचच्या आकड्यातून डोंगर

मोठे प्रवासी विमान चालवायला शिकणारा वैमानिक आधी जमिनीवरच्याच एका खोलीत ‘उडतो’. त्या खोलीत विमानातल्यासारखीच आसने आणि यंत्रे असतात. काचेबाहेरच्या पडद्यावर डोंगर, नद्या, शहरे सरकत असतात. या यंत्रणेला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. विमान कोठेही वळवले तरी तिकडचा देखावा दिसलाच पाहिजे. मग जगातला प्रत्येक कडा आणि प्रत्येक झाड चितारायचे कोणी आणि साठवायचे कोठे?

यावर एक युक्ती आहे. सगळा देखावा साठवायचा नाही. तो तयार करण्याचा नियम साठवायचा. हा नियम तुम्ही स्वतःच करून पाहा.

आलेखाच्या कागदावर १६ सेंटिमीटर लांबीची आडवी रेघ काढा. आता ५ ही संख्या घ्या. तिला २१ ने गुणा, ७ मिळवा आणि उत्तराचे शेवटचे दोनच अंक ठेवा. ११२ पैकी १२ उरतील. १२ वर हीच क्रिया केली की ५९ येतील. असेच पुढे गेल्यास १२, ५९, ४६, ७३, ४०, ४७, ९४ अशी मालिका मिळते. संख्या ५० पेक्षा लहान असेल तर बिंदू वर सरकवायचा, नाहीतर खाली.

पहिली संख्या १२, म्हणून रेघेचा मध्यबिंदू ४ सेंटिमीटर वर घ्या आणि तो दोन्ही टोकांना जोडा. आता दोन तिरप्या रेघा झाल्या. डावीकडून सुरुवात करून पुढच्या दोन संख्यांप्रमाणे त्यांचे मध्यबिंदू २ सेंटिमीटर सरकवा. मग झालेल्या चार रेघांचे मध्यबिंदू उरलेल्या चार संख्यांप्रमाणे १ सेंटिमीटर सरकवा. चूक झाली नसेल, तर डाव्या टोकापासून १० सेंटिमीटरवर ५ सेंटिमीटर उंचीचे शिखर दिसेल आणि डाव्या पायथ्याशी एक लहानशी घळही दिसेल!

मालिका कशीही उड्या मारताना दिसली तरी ५ पासून सुरुवात केली की ती दर वेळी तीच येते. म्हणून ५ ही या डोंगराची बीजसंख्या. संगणकाने डोंगर पुसून टाकला तरी बिघडत नाही. वैमानिक परत आला की त्याच बीजातून तोच डोंगर पुन्हा उगवतो.

निसर्गातले आकार असे का जमतात? डोंगराचा लहान तुकडाही मोठ्या डोंगरासारखाच खडबडीत दिसतो. गणितज्ञ बेन्वा मॅंडेलब्रॉट यांनी अशा आकारांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. त्यांचे पुस्तक वाचून बोइंग कंपनीतील लॉरेन कार्पेंटर यांनी रेघेऐवजी त्रिकोण वापरले आणि संगणकाकडून पर्वतरांगा काढून घेतल्या. त्या पर्वतांवरून उडण्याचा त्यांचा सुमारे दोन मिनिटांचा चित्रपट १९८० साली संगणकचित्रांच्या परिषदेत दाखवला गेला.

पण आपला डोंगर डोंगरासारखा असला तरी तो नकाशात कोठेच नाही. खऱ्या पृथ्वीसाठी मोजमाप हवेच. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. २०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अशी मोजमापे, आकाशातून घेतलेली छायाचित्रे आणि नियम यांची सांगड घातली आहे. छायाचित्रात छप्पर दिसते, पण भिंती दिसत नाहीत. त्या संगणक नियमाने उभ्या करतो. झाडेही तो तशीच लावतो.

येथेच एक गंमत झाली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत खेळाडूंना २१२ मजली मनोरा दिसू लागला. लोकांनी मिळून केलेल्या एका नकाशात कोणीतरी २ मजल्यांऐवजी २१२ लिहिले होते. नकाशातील चूक पुढे सुधारली गेली, पण जुनी माहिती आधीच उचलली गेली होती. इतका उंच मनोरा वस्तीत एकटाच कसा, हा प्रश्न माणसाला लगेच पडतो. संगणकाने मात्र दिलेला आकडा इमानाने बांधून काढला.

खेळात अशा चुकीवर हसता येते. प्रशिक्षणात मात्र धावपट्टीजवळची टेकडी चुकीच्या जागी असेल, तर वैमानिक चुकीचीच सवय घेऊन खऱ्या विमानात बसेल. म्हणून प्रशिक्षणासाठीच्या विमानतळांचे देखावे प्रत्यक्ष मोजमापांवरून तयार करतात. दूरच्या रानातले झाड थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. खऱ्यासारखे दिसणे वेगळे आणि खरे असणे वेगळे, हे विसरू नका.

आता ५ ऐवजी २७ हे बीज घेऊन नवा डोंगर काढा. वर्गातल्या सर्वांचा डोंगर सारखाच आला, तर तुमचा गुणाकार बरोबर आहे असे समजा!