सही करण्यापूर्वी घराचा नकाशा वाचा

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. दोन्ही कामांत माणूस कर्जबाजारी होतो, दमतो आणि शहाणाही होतो. मात्र घराच्या बाबतीत हे शहाणपण बहुधा उशिरा येते. भिंती उभ्या राहतात, स्लॅब पडतो, आणि मग लक्षात येते की दरवाजा भलत्याच बाजूला आहे. कागदावरची रेघ रबराने पुसता येते; भिंत पुसायला घण लागतो आणि त्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात. म्हणून सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी हा विषय थोडा पद्धतशीरपणे मांडावा असे आम्हांस वाटले.

आपल्या देवरूख परिसरातील घरांची एक खास अडचण आहे. घर गावाला असते आणि घरमालक मुंबईला. चाकरमानी मे महिन्याच्या रजेत चार दिवस येतो, त्यातच ठेकेदाराला भेटतो आणि मिरगाच्या आत घर पुरे व्हावे म्हणून घाईने कागदावर सही करतो. पैसा असतो आयुष्यभराच्या नोकरीचा, प्रॉव्हिडंट फंडाचा. तो पुन्हा मिळणारा नसतो.

एक पाहिलेले उदाहरण

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ असेच निवृत्त होऊन गावी घर बांधायला निघाले. नकाशा त्यांनी तिठ्यावरच्या हॉटेलात चहा घेताना पाहिला, ‘छान आहे’ म्हणाले, सही केली आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. घरातील बायकांनी तो नकाशा पाहिलाच नाही. पुढच्या मे महिन्यात घर तयार झाले. दिसायला ते खरोखरच देखणे होते.

पहिला पाऊस लागला आणि एकेक गोष्ट उघडी पडली. स्वयंपाकघराचे मागील दार पश्चिमेला होते आणि त्यापुढे पडवी नव्हती. झडीचे पाणी थेट चुलीपर्यंत येऊ लागले. शौचालय घराबाहेर, तीन पायऱ्या उतरून होते. घरात म्हातारी आई, तिचे गुडघे धरलेले. रात्री पावसात बाहेर जावे लागू नये म्हणून त्या माउलीने संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडले.

गृहस्थ रागाने ठेकेदाराकडे गेले, सोबत आम्हीही गेलो. ठेकेदाराने शांतपणे नकाशा उलगडला. दार तिथेच दाखवले होते. पडवी कुठेही दाखवलेली नव्हती. शौचालयाच्या पायऱ्याही मोजून तीन काढलेल्या होत्या आणि खाली मालकाची सही होती. ठेकेदाराने कागदाप्रमाणेच काम केले होते. कागदावर सगळे होते, पण तो कागद कोणी वाचला नव्हता.

एक जुना नियम

बांधण्यापूर्वी तपासावे, हा विचार नवा नाही. विनयपिटकात संघादिसेस नियमांमध्ये कुटी बांधण्याविषयी एक नियम आहे. त्याची कथा अशी : आळवी येथील भिक्खू स्वतःसाठी कुट्या बांधू लागले. त्या कुट्यांना मापाची मर्यादा राहिली नाही, त्यामुळे काम कधी संपेना. माणसे द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, असे मागणे वाढत गेले. लोक इतके कंटाळले की भिक्खू दिसताच वाट बदलू लागले. दुरून गाय दिसली तरी भिक्खूच आला असे समजून पळू लागले. तेव्हा भगवान बुद्धांनी नियम घालून दिला. कुटी आतून सुगताच्या वितीने बारा विती लांब आणि सात विती रुंद असावी. बांधण्यापूर्वी इतर भिक्खूंना नेऊन जागा दाखवावी. तेथे मुंग्या, वाळवी, साप अशा प्राण्यांची वस्ती नसावी, इतर धोका नसावा आणि कुटीभोवती बैल जुंपलेली गाडी फिरेल एवढी मोकळी जागा असावी.

यातील तीन गोष्टी आजच्या घरालाही लागू पडतात : माप आधी ठरवा, माप आतून मोजा आणि जागा दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासून घ्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दादर येथील ‘राजगृह’ आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९३०च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या या घरात त्यांच्या अफाट ग्रंथसंग्रहाची सोय व्हावी, ही गरज मुख्य होती. राहणाऱ्याची गरज आधी आणि भिंती नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या घरातील मुख्य गरज कोणती? मुलांचा अभ्यास, आईचे गुडघे, भाताची साठवण की भाड्याची खोली? ती एका कागदावर लिहून मगच नकाशा काढणाऱ्याकडे जावे.

नकाशा कसा वाचावा

१. प्रमाण पाहा. १:१०० म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर बरोबर जमिनीवरील एक मीटर. मात्र झेरॉक्स प्रत लहानमोठी होऊ शकते. म्हणून पट्टीने मोजू नये, लिहिलेले आकडे धरावेत. आकडा नसेल तर तो लिहून घ्यावा.

२. माप आतले की बाहेरचे, हे विचारा. चिऱ्याची भिंत नऊ इंच धरली आणि खोली बाहेरून १० फूट × १० फूट असली, तर आत साडेआठ फूटच उरतात. १०० चौरस फुटांची खोली प्रत्यक्षात सव्वाबहात्तर चौरस फुटांची होते आणि प्लॅस्टरने आणखी थोडी घटते. ठेकेदाराचा दर बाहेरच्या मापावर असेल तर पैसे मात्र शंभराचे जातात. यात फसवणूक असतेच असे नाही, पण ते आपल्याला आधी ठाऊक असले पाहिजे.

३. दारे उघडून पाहा. नकाशावर प्रत्येक दाराची पाव वर्तुळासारखी कमान काढलेली असते. दार उघडताना तेवढी जागा अडते. त्या जागेत कपाट, खाट किंवा गॅसची शेगडी येते का, हे पाहावे.

४. जिना मोजा. मजल्याची उंची १० फूट आणि पायरी सात इंच उंच धरली, तर सुमारे १७ पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीचा पाट दहा इंच ठेवल्यास सरळ जिन्याला १३ फुटांहून अधिक लांबी हवी. नकाशात त्यासाठी नऊच फूट असतील, तर तो जिना नाही, शिडी आहे. त्यावरून म्हातारी माणसे आणि लहान मुले चढणार आहेत.

५. पाऊस कुठून येतो ते आठवा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि झड मुख्यतः पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूच्या दारे-खिडक्यांवर पुरेसा छज्जा किंवा पडवी आहे का? पन्हाळीचे पाणी कुठे पडते? जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किती उंच आहे? घाटावरच्या घराचा नकाशा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही.

६. विहीर आणि शोषखड्डा यांतील अंतर पाहा. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. आपला जांभा सच्छिद्र आहे, त्यातून पाणी लवकर झिरपते. म्हणून अंतर जितके वाढवता येईल तितके बरे आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नसावा. शेजाऱ्याची विहीरही यात धरावी.

घर लहान असेल तर तपासणी अधिकच काटेकोर हवी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. एवढ्या घरात एक दार चुकले तर अर्धी खोली वाया जाते.

जमिनीवर घर आखा

सर्वांना नकाशा वाचता येत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्यावर सोपा उपाय आहे. सही करण्यापूर्वी खुंट्या, दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन जागेवर पूर्ण घर आखावे. घरातील सर्वांना बोलवावे, स्त्रियांना आणि वृद्धांना आवर्जून बोलवावे. पाण्याचा हंडा घेऊन दारातून चुलीपर्यंत चालून पाहावे. आजीला रात्रीच्या वाटेने खाटेवरून शौचालयापर्यंत न्यावे. खाटेच्या मापाची चटई अंथरावी. अर्ध्या दिवसाच्या या कामात ज्या चुका सापडतात, त्या दहा वेळा कागद पाहून सापडत नाहीत. वर सांगितलेल्या गृहस्थांनी एवढे केले असते, तर त्यांच्या आईनेच त्या तीन पायऱ्या दाखवून दिल्या असत्या.

करारनाम्यात काय असावे

नकाशा हा कराराचाच भाग आहे, असे करारात स्पष्ट लिहावे. नकाशाच्या प्रत्येक पानावर तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत हद्दीत जी परवानगी लागू असेल, तिचा मंजूर नकाशा आणि कामावरचा नकाशा एकच असल्याची खात्री करावी. त्याखेरीज पुढील बाबी लिहून घ्याव्यात :

(अ) दर साहित्यासह आहे की फक्त मजुरीचा. क्षेत्र कसे मोजणार. पडवी, छज्जा, जिना यांचे माप कसे धरणार.

(आ) सिमेंट, सळई, चिरा, लाकूड, फरशी यांचा प्रकार. ‘चांगल्या प्रतीचे’ हा शब्द पुरेसा नाही. प्रबलित काँक्रीट किमान एम-२० प्रतीचे असावे आणि साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावे, असे मानक सांगते. पाणी कोण मारणार, हेही लिहावे.

(इ) हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधावेत : जोते, लिंटल, स्लॅब, प्लॅस्टर, पूर्णता. तारखेवर पैसे देऊ नयेत. शेवटचा थोडा भाग एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट घालावी. कोकणात घराची खरी परीक्षा पाऊसच घेतो.

(ई) मध्येच बदल करायचा झाल्यास त्याची किंमत आधी लिहून, दोघांच्या सह्या करूनच काम करावे. फोनवर सांगितलेले बदल हेच पुढे भांडणाचे मूळ होते.

कायद्याची मर्यादा

भारतीय करार कायदा १८७२ पासून आहे. तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करणे कठीण जाते. घरबांधणी ही ग्राहकाला दिलेली सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी ग्राहक कायद्यात तशी दुरुस्तीही झाली. आता २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. त्याखाली सदोष कामाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून सामान्यतः दोन वर्षांच्या आत दाद मागता येते.

परंतु एक गोष्ट विसरू नये. ठेकेदाराने कबूल केले तसे काम केले नाही, तर कायदा आपल्या मदतीला येतो. आपणच चुकीचा नकाशा मान्य केला असेल आणि काम त्याबरहुकूम झाले असेल, तर कायदा काय करणार?

त्या गृहस्थांनी पुढे पडवी काढली आणि शौचालय आत घेतले. त्यासाठी कर्ज काढावे लागले. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. ‘तिला एकदा विचारायला हवे होते,’ एवढेच ते म्हणतात. आमच्या मते या लेखाचे सार त्यांच्या या वाक्यात आहे. ठेकेदार सही मागेल तेव्हा दोन दिवस मागून घ्या. नकाशा घरी न्या, सर्वांसमोर उलगडा आणि घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला आधी विचारा.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय : आपल्या राहत्या घराची आतून मापे घ्या आणि १:१०० प्रमाणात नकाशा काढा. त्यात दारांच्या कमानी, पावसाची दिशा, विहीर व शोषखड्डा दाखवा. मग घरातील सर्वांना विचारून, घरात बदलावीशी वाटणारी प्रत्येकी एक गोष्ट त्यावर लाल पेन्सिलीने लिहा. असा कागद ज्या घरात तयार असेल, त्या घरातील मुले उद्या स्वतःचे घर बांधताना डोळे झाकून सही करणार नाहीत.