कठीण पोलादाचा पातळ पत्रा कसा कापावा

गेल्या वर्षी विज्ञानप्रदर्शनासाठी कंपनाचा एक प्रयोग मांडण्याचे आम्ही योजिले होते. एका बाजूने घट्ट धरलेली पोलादी पट्टी छेडली असता ती कंप पावते. आणि तिची मोकळी लांबी निम्मी केली, तर कंपने चौपट होतात. हा नियम दाखविण्यास आम्ही स्टेनलेस स्टीलचा 0.2 मिलिमीटर जाडीचा कठीण पत्रा आणिला. 10 सेंटिमीटरच्या पट्टीत अवघा 1 मिलिमीटर फरक पडला, तर कंपनसंख्येत शेकडा 2 इतकी चूक होते. म्हणून काप नेमका हवा होता.

प्रथम आम्ही पत्रा कापण्याची साधी कात्री चालविली. पट्ट्या निघाल्या, परंतु वाळल्या पानासारख्या पिळवटून. कात्रीच्या दोन पात्यांत पत्र्याच्या जाडीच्या शेकडा 5 ते 10 इतकेच अंतर असावे लागते. आमच्या पत्र्यास ते 0.01 ते 0.02 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी, होते. सैल कात्रीत असा पत्रा तुटण्याआधी दुमडतो.

दुसरी चूक याहून मोठी होती. पट्टीस भोक पाडताना आम्ही एका विद्यार्थ्यास ती हाताने धरावयास सांगितले. ड्रिलचे टोक आरपार जाताच पत्र्यात अडकले, पट्टी गरकन फिरली आणि मुलाचा तळहात कापला गेला. सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात त्यास तीन टाके पडले. त्याच्या वडिलांनी आम्हांस एवढेच विचारिले, "गुरुजी, पत्रा धरायला कोणी सांगितलं होतं?" उत्तर आम्हांस द्यावे लागले. हा पाठ त्या उत्तराचाच पुढील भाग होय.

हा धातू इतका हट्टी का? पोलादात निदान शेकडा 10.5 क्रोमियम असले, म्हणजे त्यावर अतिसूक्ष्म संरक्षक थर बसतो व गंज चढत नाही. असे पोलाद इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 साली तयार केले. आपल्या स्वयंपाकघरातील बहुतेक उत्तम भांड्यांत सुमारे 18 भाग क्रोमियम व 8 भाग निकेल असते. लोहार विळा तापवून त्यास पाणी देतो, तसे पाणी या जातीस चढत नाही. ही जात थंड असताना रुळांखाली लाटली, ठोकली वा घासली की कठीण होते. म्हणूनच बोथट ड्रिल न कापता नुसते घासत राहिले, तर तेथील धातू अधिकच कठीण बनतो. उलट, पत्रा लाल होईपर्यंत तापला, तर लाटून आलेला कठीणपणा व स्प्रिंगचा गुण दोन्ही जातात.

यावरून रीत ठरते. 3 मिलिमीटरच्या दोन प्लायवुड फळ्यांमध्ये पत्रा ठेवावा, वरच्या फळीवर रेघ आखावी आणि सर्व एकत्र व्हाइसमध्ये आवळावे. बारीक दात्यांच्या, इंचास 32 दाते असलेल्या करवतीने संथपणे कापावे. पत्रा एकटा असता, तर तो दोन दात्यांमधल्या फटीत अडकला असता. फळ्यांमुळे एका वेळी अनेक दाते टेकतात आणि पत्रा वाकत नाही. रेघेबाहेर किंचित धातू राखून, शेवटी स्वच्छ कानशीने घासून माप गाठावे. साध्या लोखंडावर वापरलेली कानस नको. तिचा कीस चिकटून पुढे गंजाचे डाग पडतात. भोकही फळ्यांमध्येच, धारदार ड्रिलने, कमी वेगाने, तेलाचा थेंब सोडून व सारखा दाब देऊन पाडावे. कडेचे तीक्ष्ण काटे घासल्याशिवाय पट्टीस बोट लावू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच. तापवून पाणी दिलेल्या पोलादाची पाती मात्र करवतीस दाद देत नाहीत. त्यांस सहाणचाक व पाण्याचा शिडकावा लागतो.

मोठ्या कारखान्यांत आता हे काम लेसर किरण करितात. त्यांपैकी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधणारे कुमार पटेल यांचा जन्म आपल्याच महाराष्ट्रातील बारामती येथे 1938 साली झाला. त्यांनी तो शोध 1964 साली अमेरिकेत लाविला. त्या यंत्रासही पत्रा स्थिर लागतो व उष्णता आवरावी लागते. साधन बदलले, नियम तोच राहिला.

त्या मुलाचा हात बरा झाल्यावर उरलेल्या पट्ट्या त्यानेच याच रीतीने कापिल्या. त्या सरळ निघाल्या आणि आमच्या प्रयोगशाळेत आहेत. पालकांनी येऊन अवश्य पाहाव्यात. त्यांशेजारी दोन फळ्याही ठेविल्या आहेत. हाताने पत्रा धरण्याची आज्ञा आता आमच्या कर्मशाळेत कोणीही, आम्हीसुद्धा, देत नाही.