हा ताप नव्हे, उष्माघात!

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे चार वाजले होते. लालबागच्या माझ्या दवाखान्याचे शटर मी नुकतेच वर केले होते, तोच मागच्या गल्लीतल्या चाळीतला एक मुलगा धापा टाकत आला. "डॉक्टर, आमच्या आजोबांना खूप ताप भरलाय. काहीबाही बडबडतायत. लवकर चला."

सर्वांत वरच्या मजल्यावरची, पत्र्याखालची खोली. नाना पंच्याहत्तरीचे, जुने गिरणी कामगार. दुपारी पोटमाळ्यावर झोपले होते. अंग भाजतेय म्हणून घरच्यांनी त्यांना खाली आणले, वारा लागू नये म्हणून खिडकी लावली, अंगावर गोधडी घातली आणि तापाच्या दोन गोळ्या दिल्या. सूनबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "तास होऊन गेला डॉक्टर, पण घामच येत नाही हो." नानांना स्वतःचे नावही सांगता येत नव्हते. थर्मामीटर लावला. पारा १०६ वर!

वाचकहो, या घराने जे केले ते प्रेमापोटीच केले. तुमच्या-माझ्या घरातही कदाचित तेच झाले असते. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची होती. का चुकीची होती, हे समजण्यासाठी वैद्यकाची पुस्तके उघडावी लागत नाहीत. शाळेत आठवी-नववीला शिकलेला 'उष्णता' हा धडा पुरतो. आज तोच धडा आपण पुन्हा एकदा गिरवू.

उष्णता वेगळी, तापमान वेगळे

पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. बंबातले पाणी कढत झाले की त्यातले तांब्याभर बादलीत काढायचे. तांब्यातले पाणी आणि बंबातले पाणी, दोन्हींचे तापमान एकच. पण तांब्याभर पाण्यात एका लहान बाळाचीही अंघोळ होणार नाही आणि बंबात साऱ्या घराची होईल. कारण बंबात उष्णतेचा साठा जास्त. तापमान म्हणजे थर्मामीटरवरचा आकडा. उष्णता म्हणजे साठलेली ऊर्जा. ही नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, पाणी उतारावरून वाहते तशी.

आपले शरीर हाही एक बंबच आहे, आणि त्याखालचा जाळ कधी विझत नाही. नुसते पडून राहिले तरी साठ किलो वजनाचा माणूस तासाला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता तयार करतो. अशा माणसाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर पडल्यापडल्या त्याचे अंग तासाला सव्वा ते दीड अंशाने तापेल. आणि तो हातगाडी ओढत असेल तर उष्णता चौपट तयार होते. मग ३७ अंशांवरून ४१ वर जायला तासभरही लागणार नाही! म्हणूनच निसर्गाने उष्णता बाहेर टाकायला शरीराला चार दरवाजे दिले आहेत.

चार दरवाजे

पहिला दरवाजा वहनाचा. गरम वस्तूला थंड वस्तू टेकली की उष्णता एकीतून दुसरीत जाते. शहाबादी लादीवर उघड्या अंगाने पडले की बरे वाटते ते यामुळे. हवा मात्र उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक चांगले वाहक. गोधडीत हवाच कोंडलेली असते, म्हणून ती थंडीत ऊब देते आणि उन्हाळ्यात घात करते.

दुसरा दरवाजा अभिसरणाचा. अंगाजवळची हवा तापते, हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते. पण खोलीत ही तापलेली हवा वर जाऊन थांबते कुठे? पोटमाळ्यावर! लालबाग-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत जागा नसते म्हणून म्हातारी माणसे आणि मुले दुपारी माळ्यावर झोपतात, आणि खोलीतली सगळ्यात गरम हवा नेमकी तिथेच साठते. चाळी बांधणाऱ्यांनी दारावर झडप ठेवली होती ती या हवेसाठीच. आपण तिथे पुठ्ठा ठोकला आणि गॅलरी बंद करून मोरी केली.

तिसरा दरवाजा प्रारणाचा. सूर्याची उष्णता मधल्या पोकळीतून आपल्यापर्यंत येते ती अशी. तिला वाटेत हवा लागत नाही आणि स्पर्शही लागत नाही. अंगाभोवतीच्या भिंती आणि छप्पर अंगापेक्षा गार असतील तर अंगाची उष्णता तिकडे जाते. पण उन्हात तापलेला पत्रा पन्नास अंशांच्या पुढे जातो. मग प्रवाह उलटा होतो आणि छप्परच माणसाला भाजते.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. खोलीतली हवा ३५ वर गेली, पत्रा त्याहून तापला, की हे तिन्ही दरवाजे बंद होतात. नुसते बंदच नव्हे, त्यांतून उष्णता उलटी आत येऊ लागते. मग एकच दरवाजा उरतो. तो चौथा, घामाचा.

शरीर म्हणजे माठ

माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाळते, आणि वाळताना, म्हणजे त्याची वाफ होताना, ते आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. घामाचेही तसेच. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून जाते. म्हणजे निवांत बसलेल्या माणसाची तासाभराची सगळी उष्णता न्यायला एका छोट्या कपाएवढा, सुमारे १२० मिलिलिटर घाम पुरतो. मात्र अट एकच. घाम वाळला पाहिजे. जो घाम टपटप गळतो किंवा आपण रुमालाने टिपून टाकतो तो जवळजवळ वाया जातो. अंगातले पाणी आणि मीठ गेले, उष्णता मात्र तिथेच राहिली!

घामाची ताकद किती, याचा एक प्रयोग लंडनमध्ये १७७० च्या दशकात झाला. चार्ल्स ब्लॅग्डेन हे डॉक्टर सुमारे १२५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी शिजून घट्ट झाली! अंड्याला घाम येत नाही, माणसाला येतो, आणि कोरड्या हवेत तो लगेच वाळतो.

आता एक गोष्ट आठवून पाहा. नागपूरला गेलेला आपला माणूस सांगतो की तिथे माठातले पाणी दातांना लागते इतके गार होते. कूलर लावला की खोली थंड. तोच माठ आपल्या कोकणात किंवा मुंबईत आणा, पाणी जेमतेम गार. कूलरचा तर मुंबईत फारसा उपयोग होत नाही. कारण समुद्राकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली. ओला टॉवेल दुसरे पाणी टिपत नाही, तशी ही हवा आणखी वाफ घेत नाही. माठ वाळत नाही, आणि तुमचा घामही.

म्हणून नागपूरचे ४५ अंश ऐकून आपण दचकतो आणि मुंबईचे ३६ ऐकून निर्धास्त राहतो, ही मोठी फसगत आहे. हवामान खात्यालाही हे ठाऊक आहे. उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंशांची अट आहे, किनारपट्टीसाठी ३७ ची. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर दुपारी, उघड्या मैदानावर लाखो माणसे बसली होती. त्या भागात तापमान होते सुमारे ३८ अंश. सरकारी आकड्यानुसार १४ माणसे दगावली. अडतीसच अंश, वाचकहो!

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. हवा कोरडी असली की सुताचा धागा तुटतो, म्हणून तिथे मुद्दाम हवेत पाण्याचा फवारा मारीत. १९४८ च्या कारखाना कायद्यात या कृत्रिम आर्द्रतेसाठी वेगळे कलमच होते. खात्यात भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी टांगलेले असत, त्यातल्या एकाच्या फुग्याला ओले फडके. हवा कोरडी असेल तर फडक्याचे पाणी वाळते आणि त्या नळीचा पारा खाली राहतो. दोन्ही पारे जवळ आले की वडील म्हणत, "आज अंगावरचा घाम सुकणार नाही." ते फारसे शिकलेले नव्हते. पण आर्द्रता काय करते हे त्यांना माझ्या आधी कळले होते.

ताप आणि उष्माघात

ताप म्हणजे काय? मेंदूत तापमान ठरवणारे एक केंद्र असते. जंतुसंसर्ग झाला की ते आपला काटा ३७ वरून ३९ वर नेऊन ठेवते. शरीर मग जाणूनबुजून उष्णता साठवते आणि थंडी वाजून येते. पॅरासिटामॉल हा काटा खाली आणते. मग घाम सुटतो आणि ताप उतरतो.

उष्माघातात काटा ३७ वरच असतो. बिघाड काट्यात नाही, दरवाजे बंद झाल्यामुळे उष्णता कोंडली आहे. तिथे गोळी कशावर काम करणार? उलट उष्माघातात यकृताला आधीच इजा होत असते, त्यावर औषधाचा भार. ४० अंश, म्हणजे आपल्या घरगुती थर्मामीटरवर १०४ च्या वर मेंदू, मूत्रपिंड, यकृत अक्षरशः शिजू लागतात. इथे औषध एकच, अंग थंड करणे. आणि तेही मिनिटे मोजून.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो त्याला कारण आहे. दवाखाना थाटून मला वर्षही झाले नव्हते. ऐन मे महिन्यात एका तरुण हमालाला त्याच्या सोबत्यांनी उचलून आणले. अंग निखाऱ्यासारखे, बोलणे असंबद्ध. मी डोक्याचा मलेरिया धरला, तापाचे इंजेक्शन दिले, चिठ्ठी लिहिली आणि रुग्णालयात न्या म्हटले. टॅक्सी मिळून निघेपर्यंत पाऊण तास तो माझ्या बाकावर जाड सदऱ्यासकट कोरडाच पडून होता. चार पावलांवर माझ्या मोरीत भरलेले पिंप होते. दुसऱ्या दिवशी तो गेल्याचे कळले. ते पिंप मी आजतागायत विसरलेलो नाही.

काय करावे?

उन्हात किंवा कोंदट खोलीत असलेला माणूस तापला आणि तो बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर उष्माघात समजूनच चालावे. अंग कोरडे असेलच असे नाही. मेहनत करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो.

१) सावलीत, खालच्या मजल्यावर किंवा वाऱ्याच्या जागी आणा. जाड कपडे काढा. पांघरूण नको.

२) १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पण तिची वाट पाहत बसू नका.

३) अंगावर पाणी ओता, ओली चादर टाका आणि जोरात पंखा लावा. चादर तापली की पुन्हा भिजवा. ओले अंग आणि वारा, म्हणजे चौथा दरवाजा आपण बाहेरून उघडतो.

४) बर्फ फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळून जातात. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. बर्फ मिळत नाही म्हणू नका, जवळच्या मासळीबाजारात जा.

५) पारा १०२ च्या खाली आला की बर्फ काढा. रुग्णालयात मात्र न्यायलाच हवे.

६) शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत काहीही घालू नका. तापाची गोळीही नको.

आणि ही वेळ येऊच नये म्हणून? दुपारी बारा ते चार पोटमाळा रिकामा ठेवा. दारावरची झडप उघडा. पत्र्यावर पांढरा रंग द्या किंवा ओली गोणपाटे टाका. सुती, सैल कपडे घाला. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते, म्हणून मागण्याची वाट न पाहता त्यांना तासातासाने पाणी, ताक, पन्हे द्या. रक्तदाबवाल्यांनी मिठाचा हात आखडता ठेवावा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, गोळी मनाने बंद करू नये. पंखा लावूनही घाम वाळत नसेल तर अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसा.

नानांचे काय झाले? गोधडी फेकली, खिडकी उघडली, चादर भिजवली. नातवाने कोळणीकडून बर्फ आणला. टॅक्सीत सूनबाई मांडीवर बादली घेऊन बसल्या आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत त्यांच्या अंगावर पाणी शिंपडत राहिल्या. नववव्या दिवशी नाना घरी आले. आता ते दुपारी माळ्यावर झोपत नाहीत, खाली लादीवर झोपतात.

आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांतला कुणीतरी लालबाग-परळच्या अशाच एखाद्या खोलीत राहतो. या आठवड्यात त्याला फोन कराल तेव्हा खुशाली विचाराच. त्याबरोबर एवढेही विचारा, "दुपारी म्हातारी माणसे झोपतात कुठे?"