पांढरा धूर काय सांगतो?

पौष महिना होता. देवळाली प्रवराला थंडी कडक पडली होती. पाटाच्या कडेला, उसाच्या शेतांवर धुके होते. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

अशा सकाळी आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. दारात त्यांची जुनी फियाट मोटार चालू करून ठेवली होती. मागच्या नळीतून पांढऱ्या धुराचे लोट निघत होते. मालक ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते.

ते म्हणाले, "वडिलांनी घेतलेली गाडी आहे. आईला नगरला डॉक्टरकडे हिच्यातूनच नेतो. आता एक जण म्हणतो, इंजिन गेलं, भंगारात घाला. काय करावं?"

आम्ही म्हणालो, "घाई करू नका. आधी मिस्त्रींना बोलवा."

वाचकहो, ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९७० नंतरच्या काळात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना माहीत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली तशी शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण गावोगावी कोणी कोणी ही गाडी अजून जिवापाड जपतात.

मिस्त्री आले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आधी विचारले, "मालक, गाडी तापल्यावर धूर थांबतो का?"

"नाही. राहुरीपर्यंत गेलो तरी येतोच."

"रेडिएटरात पाणी घालावं लागतं?"

"रोज तांब्याभर."

मिस्त्री म्हणाले, "मग पाणी कुठं जातं ते शोधू. पण आज नको. इंजिन तापलंय. उद्या गार असताना येतो."

मिस्त्री उद्यावर का गेले? तापलेल्या रेडिएटरात पाणी दाबाखाली असते. झाकण उघडले की उकळते पाणी उसळून तोंडावर येते. माणूस भाजतो. म्हणून तापलेले झाकण कधीही उघडू नये. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नये. लोखंडाला तडा जातो.

आता धुराची गोष्ट समजून घेऊ. धुराला रंग असतो. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा धूर बहुधा धूर नसतोच. ती पाण्याची वाफ असते.

हे पाणी येते कुठून? पेट्रोल जळले की त्यातून पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले तर सुमारे एक लिटर पाणी होते. एरवी ते दिसत नाही. थंडीत नळी गार असते, म्हणून वाफ पांढरी दिसते. नळी तापली की ती दिसेनाशी होते. असा धूर थोडा वेळ आला तर घाबरू नये.

पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरातले पाणीही कमी झाले, तर सावध व्हावे. इंजिनाच्या खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. वरच्या झाकणाला हेड म्हणतात. दोघांच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, तो गॅस्केट. तो पाणी, ऑईल आणि जाळ यांना वेगवेगळे ठेवतो. गॅस्केट फुटले की पाणी सिलिंडरात शिरते आणि वाफ होऊन बाहेर पडते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गार इंजिन तपासले. आम्ही जवळच उभे होतो.

१. रेडिएटरचे झाकण काढले. पाणी खाली गेले होते. नळीला किंवा जमिनीवर कुठे गळती नव्हती.

२. ऑईलची पट्टी काढून पाहिली. ऑईल दुधाळ झाले असते तर त्यात पाणी मिसळले असे कळले असते. पण ऑईल चांगले होते.

३. रेडिएटर भरला आणि झाकण न लावता इंजिन थोडा वेळ चालू केले. पाण्यात सारखे बुडबुडे येऊ लागले. सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत होता.

४. इंजिन बंद करून चारही प्लग काढले. दोन प्लग काळपट होते. मधले दोन धुतल्यासारखे स्वच्छ होते. वाफेने ते धुतले गेले होते.

५. शेवटी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. मधल्या दोघांचा दाब कमी भरला.

मिस्त्री हसून म्हणाले, "मालक, इंजिन गेलं नाही. मधल्या दोन सिलिंडरांपाशी गॅस्केट फुटलंय. मात्र अशीच चालवली असती तर खरंच गेलं असतं."

हेड उतरवले. त्यावर सरळ पट्टी ठेवून पाहिली. हेड किंचित वाकले होते. ते घासून सपाट करून आणले. नवे गॅस्केट घातले. बोल्ट मधून सुरू करून कडेकडे, थोडे थोडे, सारखे आवळले. नव्या इंजिनापेक्षा खर्च पुष्कळच कमी आला. पुढच्या आठवड्यात म्हातारी त्याच गाडीतून नगरला जाऊन आली.

तुमच्याकडे ट्रॅक्टर किंवा विहिरीवर डिझेल इंजिन असेल. गार डिझेल इंजिन सुरू करताना डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो. ते न जळलेले डिझेल असते. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही, तर मिस्त्रीला दाखवावे. आणि कोणतेही इंजिन बंद खोलीत चालवू नये. त्याच्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो. त्याने माणूस झोपल्या जागी मरतो.

धूर बोलतो. तो नीट पाहावा, मग चार प्रश्न विचारावे. कोणी सांगितले म्हणून वडिलांची वस्तू भंगारात घालू नये.

उत्तरे सांगा :
१. थंडीत थोडा वेळ पांढरा धूर का दिसतो?
२. तापलेल्या रेडिएटरचे झाकण का उघडू नये?
३. गॅस्केट फुटल्याच्या तीन खुणा कोणत्या?