ठोके मोजू नकोस

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस ना, "ताई, ईसीजी चांगला आलाय, पण मला वाटतं डॉक्टरांचं काहीतरी बघायचं राहिलंय." तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं होतं. आईसमोर जमलं नसतं.

आधी हे ऐक: तू नाटक करत नव्हतीस. फास्ट लोकलमध्ये, लेडीज डब्याच्या त्या गर्दीत तुझी छाती धडधडली, हातापायाला मुंग्या आल्या, घाम फुटला, आता आपण जातोय असं वाटलं, ते सगळं तुझ्या शरीरात खरोखर घडलं. मलाही व्हायचं. धाकटा शाळेत जायला लागला त्या सुमाराला. कधी तर झोपेतून दचकून उठायचे ती धडधडतच. तेव्हा कुणी म्हणालं गॅसेस असतील, ओवा खा. कुणी म्हणालं बीपी लो झालं असेल, साखर-पाणी घे. ती मायेची माणसं होती. पण "आजकालच्या मुलींना काही सोसतच नाही," हे जे तुला ऐकवलं गेलं, त्याचा मला राग येतो. १८७१ साली दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलंय. छातीत दुखतं, धडधडतं, दम लागतो आणि तपासलं तर हृदयात दोष सापडत नाही. रणांगणावर उभे राहिलेले पुरुष होते ते. तेव्हा नाजूकपणाचा यात काही संबंध नाही.

होतं काय, ते समजून घे. मूत्रपिंडांच्या वर ॲड्रिनल ग्रंथी असतात. जिवाला धोका आहे असं मेंदूला वाटलं की त्या ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालायला लागतं, श्वास भरभर होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच ओठांना, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आजूबाजूचं जग खरं वाटेनासं होतं. तुला वाटतं हवा पुरत नाही. खरं तर तू जास्तीची हवा घेत असतेस.

गाडी चुकू नये म्हणून स्टेशनचा पूल धावत चढतेस तेव्हाही तुझे ठोके असेच वाढतात. तेव्हा भीती वाटत नाही, कारण ते का वाढले हे ठाऊक असतं. बसल्या जागी वाढले की मन कारण शोधतं आणि जे सगळ्यात भयंकर तेच धरून बसतं. हार्ट अटॅक आला! त्या विचारानं पुन्हा ॲड्रेनलिन, पुन्हा धडधड. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली हे चक्र नीट मांडून दाखवलं आणि आजचे उपचार बरेचसे त्यावरच उभे आहेत. हा भीतीचा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो. तू काहीही केलं नाहीस तरी ओसरतो.

मात्र एका बाबतीत मी कडक आहे. पहिल्यांदा छातीत दुखलं तेव्हा तू दवाखाना गाठलास, ते योग्यच केलंस. हे पॅनिक आहे की हृदयाचं, हे घरी बसून कुणी ठरवू नये. बायकांच्या बाबतीत तर नाहीच, कारण त्यांना हार्ट अटॅक कधी कधी नुसता दम लागणं, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं असा येतो आणि घरचे पित्त समजतात. पुढेही कधी चालताना, जिना चढताना छाती दाटून आली, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, शुद्ध हरपली, किंवा नेहमीपेक्षा काही वेगळंच वाटलं, तर सरळ १०८ लाव. शिवाय थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेवढं करून घे. थायरॉइड वाढलेला असला किंवा रक्त कमी असलं तरी धडधडतं.

एवढं झालं की तपासणं थांबव. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर तुझ्या उशीजवळ असतो. मनगटावरचं घड्याळ दर थोड्या वेळानं ठोके दाखवतं. रात्री गुगलवर लक्षणं शोधतेस, नवऱ्याला विचारतेस, "माझा चेहरा पांढरा पडलाय का?" प्रत्येक वेळी घडीभर बरं वाटतं, आणि तेवढ्यानंच मन शिकतं की तपासलं नसतं तर काहीतरी झालं असतं. ऑक्सिमीटर कपाटात टाक. घड्याळ काही दिवस काढून ठेव.

झटका आला की त्याच्याशी झुंजू नकोस. पाय जमिनीवर टेकव, खांदे सैल सोड. नाकानं साधाच श्वास घे आणि सोडताना लांबव, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे. कागदी पिशवीत श्वास घ्यायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. दमा किंवा हृदयाचा त्रास असला तर ते धोक्याचं ठरतं. मनाशी म्हण, "हे मला ठाऊक आहे, येऊ दे, जाईल." आणि शक्यतो आहेस तिथेच थांब. मधल्याच स्टेशनवर उतरून गेलीस की उतरले म्हणून वाचले असं मनात पक्कं बसतं. मग लोकल सुटते, पुढे बाजार सुटतो, लग्नकार्य सुटतं. मला खरी काळजी त्याची आहे.

हे एकटीनं निभवायची गरज नाही. सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत यावर चांगली लागू पडते. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर घाबरू नकोस. रोज घ्यायच्या ज्या असतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी थोडी वाढूही शकते आणि मनानंच एकदम बंद करायच्या नसतात. चटकन शांत करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची मात्र सवय लागते. शेजारणीनं दिली म्हणून किंवा मेडिकलमधून परस्पर आणून ती घ्यायची नाही. अगदी रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता लोकलचं. एकदम ठाण्यापर्यंत जायचंच नाही. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते. स्लो गाडी पकडू, डोंबिवलीहून फक्त कोपर, आणि तिथून परत. ते अंगवळणी पडलं की दिवा, मग मुंब्रा, मग ठाणे, आणि फास्ट गाडी सगळ्यात शेवटी. धडधडलं तरी चालेल. धडधडत असतानाही प्रवास होतो हेच तर बघायचंय. पहिल्या वेळी मी शेजारी बसेन. पुढच्या वेळी तू एकटी जायचंस, मी डोंबिवलीला फलाटावर थांबेन. आईला काय सांगायचं ते माझ्यावर सोड. शनिवारी किती वाजता निघायचं ते तेवढं कळव.